हेर, खबऱ्या आणि गारगोटीची वाट

'डिफरंट ड्रीम्स' ही कोरियन मालिका २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या एमबीसी वाहिनीवर सुरू झाली. १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्य चळवळीला शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने ती काढलेली होती. नायिका जपानी घरात वाढलेली कोरियन शल्यचिकित्सक. वरकरणी ती वसाहत सरकारच्या इस्पितळातली निष्ठावान डॉक्टर, आतून परागंदा हंगामी सरकारची हेर. ही नायिका काल्पनिक आहे. पण तिच्या सोबतीला असलेला किम वोन-बोंग इतिहासातला खरा माणूस. 'उइयोल्दान' नावाचा सशस्त्र गट त्याने १९१९ मध्ये मांचुरियात काढला. कागलच्या आमच्या घरात ही मालिका नातीने लावली आणि मी कौतुकाने कमी, कुतूहलाने जास्त अशी शेवटपर्यंत पाहिली. मध्येच तिने विचारले, "आजोबा, आपल्याकडे असे हेर होते का?" मी पटकन बहिर्जी नाईकांचे नाव घेतले आणि लगेच ओशाळलो. तिने विचारले होते ते इंग्रजांच्या काळाबद्दल.

बहिर्जी नाईक ओठांवर आले याला भाषाही कारण आहे. मराठीत 'हेर' हा शब्द आपल्या बाजूच्या माणसासाठी राखलेला आहे. तो वेष पालटतो, शत्रूच्या गोटात शिरतो, राजाला बातमी आणतो. बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात. हेच काम सरकारसाठी करणारा मात्र 'खबऱ्या'. आणि आपल्यातला असून त्यांना जाऊन मिळाला तर 'फितूर'. काम एकच, शब्द तीन, आणि प्रत्येकात निकाल आधीच लागलेला. त्यामुळे ज्याचा निकाल लागत नाही अशा माणसाला आपल्याकडे शब्दच उरत नाही.

कोरियनांकडे असा एक माणूस आहे. ह्वांग ओक हा जपानी पोलिसांतला कोरियन अधिकारी. १९२३ मध्ये उइयोल्दानचे बॉम्ब चीनमधून कोरियात आणण्याच्या कटात तो सापडला. न्यायालयात त्याने सांगितले की टोळी पकडण्यासाठीच आपण तिच्यात सामील झालो होतो. तो नेमका कोणाचा होता, यावर तिथले अभ्यासक अजून वाद घालतात. २०१६ चा 'द एज ऑफ शॅडोज' हा चित्रपट त्याच्यावरच बेतलेला आहे. आपल्याकडे असा माणूस नसेलच असे नाही. तो टिपला गेला नाही, आणि का गेला नाही याची कारणे कागलच्या आसपासच सापडतात.

आज कागल म्हटले की लोकांना महामार्ग, साखर कारखाना आणि आनंद यादव आठवतात. १९४२ चे कागल समजून घ्यायचे तर नकाशा निराळा धरावा लागतो. कोल्हापूर हे संस्थान. त्याच्या पोटात जहागिरी. कागलची थोरली पाती एक, धाकटी पाती दुसरी. थोरल्या पातीच्या घाटग्यांच्या घरातूनच यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. पलीकडे सेनापती घोरपड्यांची कापशी ही आणखी एक जहागीर. दूधगंगा ओलांडून निपाणीकडे गेले की बेळगाव जिल्हा, म्हणजे थेट इंग्रजांचा मुलूख. गाडीवान सकाळी गूळ घेऊन निघाला तर दुपारपर्यंत दोन-तीन सरकारांच्या हद्दीतून जाऊन येई. १९४० मध्ये राजाराम महाराज निवर्तल्यावर कोल्हापुरात रीजन्सीचा कारभार होता आणि वर इंग्रज रेसिडेंटची नजर.

भूमिगतांना ही ठिगळे सोयीची होती. एका हद्दीतला वॉरंट दुसऱ्या हद्दीत आपोआप चालत नसे. मध्ये पत्रव्यवहार येई, परवानगी येई, आणि तेवढ्या वेळात माणूस नदी ओलांडे. पण हीच गोष्ट पोलिसांच्या बाजूने पाहिली तर खबऱ्या का लागत होता ते कळते. शिपाई हद्द ओलांडू शकत नाही, बातमी ओलांडते. बाजारात, तंबाखूच्या वखारीत, नदीच्या उतारावर बसलेला एखादा माणूस दहा शिपायांचे काम करी. डिसेंबर-जानेवारीत तर इकडे गुऱ्हाळे पेटलेली असतात. रात्रभर जाळ, परगावचे मजूर, उसाच्या गाड्या. नवा चेहरा अशा दिवसांत खपून जातो. गारगोटीचा बेत डिसेंबरात झाला त्यामागे हेही असावे असे मला वाटते. हे अनुमान माझे, कोणा कागदावरचे नव्हे.

गारगोटी हे भुदरगड भागाचे ठिकाण; तिथे संस्थानची कचेरी आणि खजिना. १३ डिसेंबर १९४२ रोजी तरुणांच्या एका तुकडीने तिच्यावर चाल केली. पहाऱ्यावरच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या आणि सात जण ठार झाले: करवीरय्या स्वामी, नारायण वारके, तुकाराम भारमल, शंकर इंगळे, मल्लू चौगुले, बळवंत जबडे, परशुराम साळोखे. स्वामी कापशीचे, भारमल मुरगूडचे. दोन्ही गावे आज कागल तालुक्यात. वारके भुदरगडातल्या कलनाकवाडीचे. जबड्यांचे जत्राट आणि साळोख्यांचे खडकलाट ही गावे आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात आहेत. नुसती आडनावे वाचली तरी जंगमापासून मराठ्यांपर्यंत गावगाडा दिसतो. आणि गावांची नावे नकाशावर मांडली तर ही माणसे एका ठिकाणी कशी आली हाच खरा प्रश्न पडतो.

कारण एकत्र येणे ही त्या दिवसांत सर्वांत धोक्याची पायरी. कचेरीवर जाण्यासाठी धाडस लागते. कचेरीपर्यंत पोचण्यासाठी निरोप, भाकरी, मुक्काम आणि गप्प बसणारी माणसे लागतात. निरोप तोंडी जाई, कारण चिठ्ठी सापडू शकते. एका मुक्कामाच्या माणसाला पुढचा मुक्काम ठाऊक नसला की मार पडला तरी तो सांगू शकत नाही. शांघायपासून साताऱ्यापर्यंत सगळ्या भूमिगतांची रीत थोड्याफार फरकाने हीच. मालिकेत ही कामे नायिका देखण्या पोशाखात करते. इकडे ती करणारी बाई डोक्यावर बुट्टी घेऊन रानात चाललेली असे, आणि तिला कोणी हेर म्हटले नाही.

कोल्हापूर शहरात मात्र दोन बायकांची नावे नोंदली गेली. मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सन याचा पुतळा १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे यांनी विद्रूप केला. पुढच्या वर्षी तरुणांच्या एका गटाने तो फोडला, आणि आज त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा आहे. ही नावे उरली, कारण कृत्य भर चौकातले होते. रानातल्या बुट्टीला चौक नव्हता.

खबऱ्याचे काय झाले, याचे उत्तर उत्तरेकडे मिळते. सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगली धरून, १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रति सरकार उभे राहिले. तिथला मुलूख ब्रिटिश. गावात परका माणूस आला की वर कळवणे हे पोलीस पाटलाचे कामच होते. म्हणजे खबर देणे हा प्रत्येक वेळी कोणा लोभ्याचा उद्योग नव्हता, ती वतनाची नोकरीही होती. प्रति सरकारने न्यायदान मंडळे काढली आणि खबऱ्यांना, गुंडांना तळपायांवर मार देण्याची शिक्षा ठेवली. तिच्यावरून 'पत्री सरकार' हे नाव पडले. त्यात अन्यायही झाले असणार. रात्री, रानात, साक्षीपुरावा तपासून चालवलेले खटले सगळेच निर्दोष असतील असे मानणे म्हणजे त्या माणसांना देव करणे. पण खबऱ्याला जिवे न मारता गावातच ठेवायचे, म्हणजे तो उद्या त्याच पाणवठ्यावर भेटणार हे धरून चालायचे, यामागे एक गावकी शहाणपण दिसते. पुण्यात १८९९ मध्ये तसे झाले नव्हते. चापेकरांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारीला गोळ्या घातल्या गेल्या. रँडच्या मारेकऱ्यांसाठी सरकारने वीस हजारांचे इनाम लावले होते.

चापेकरांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. दामोदर चापेकरांनी येरवड्याच्या तुरुंगात मराठीत आत्मवृत्त लिहिले. ते पोलिसांच्या ताब्यात गेले, सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, दप्तरात ठेवले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधने छापायला घेतली तेव्हा १९५८ च्या दुसऱ्या खंडात ते आले. टिळकांच्या सभांना कोण बसले होते, कोण काय बोलले, हेही आपण पुष्कळदा याच खंडांतून, म्हणजे पाळतीवरच्या माणसांच्या टिपणांतून वाचतो. बातमीदाराचे नाव त्यांत बहुधा नसते. 'विश्वसनीय सूत्र' एवढेच. भूमिगताने कागद जाळला, खबऱ्याने लिहिला. आपल्या क्रांतिकारकांचा पहिला चरित्रकार पुष्कळ ठिकाणी त्यांच्या मागावरचा माणूस आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्याला त्याच्याच चष्म्यातून पाहावे लागते. तो वाढवूनही सांगत असे. बातमी मोठी, तर बक्षीस मोठे.

याचा व्यवहारातला परिणाम १५ ऑगस्ट १९७२ पासून दिसला. त्या दिवशी केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजना सुरू झाली. १९८० मध्ये तिचे नाव 'स्वातंत्र्य सैनिक सन्मान' झाले. तुरुंगात गेलेल्याचे सोपे होते, तुरुंगाचा दाखला. भूमिगताला मात्र सहा महिने भूमिगत असल्याचे दाखवावे लागे, आणि पुरावा काय? फरारी घोषित केल्याचा हुकूम, पकडून देण्याबद्दल लावलेले इनाम, किंवा काढलेला पण बजावता न आलेला स्थानबद्धतेचा आदेश. तिन्ही कागद इंग्रज पोलिसांचे किंवा संस्थानचे. म्हणजे जो पोलिसांच्या नजरेत भरला तो सैनिक ठरला. आणि जो इतका सावध होता की कुठल्याच खबऱ्याला त्याचे नाव कळले नाही, तो दप्तराच्या हिशेबाने घरीच बसलेला होता. दप्तर सापडत नसेल तर दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचे प्रमाणपत्र चालत असे, पण त्या ज्येष्ठाला हा माणूस ठाऊक हवा. निरोप ज्या साखळीने जात होता तिची रचनाच अशी की फार जणांना फार जण ठाऊक नसावेत. कागल, भुदरगड, निपाणी या पट्ट्यात तर दप्तरही तीन-चार सरकारांत विखुरलेले. भाकरी नेणारीने अर्ज करावा तरी कोणत्या रकान्यात?

कोरियनांनी हा हिशेब उलट्या बाजूने मांडला. तिथल्या एका खासगी संशोधन संस्थेने नोव्हेंबर २००९ मध्ये जपान्यांना साथ देणाऱ्यांचा तीन खंडांचा चरित्रकोश काढला. त्यात ४,३८९ नावे आहेत. राष्ट्रगीताचा संगीतकार त्यात आहे, माजी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही आहे. कोशावर खटले झाले, भांडणे झाली. आणि ज्या किम वोन-बोंगला मालिकेने नायक केले, तो १९४८ मध्ये उत्तर कोरियात गेला म्हणून मालिकेवरही वादळ उठले. तिथे हेर आणि फितूर ही दोन्ही नावे अजून तापलेली आहेत.

आपल्याकडे असा कोश व्हावा का? मी अनेक दिवस या प्रश्नाभोवती फिरलो आणि माझे मत नकाराकडे झुकते. खबऱ्याची नातवंडे आणि हुतात्म्याची पुतवंडे आज एकाच सोसायटीचे सभासद आहेत, एकाच यात्रेत पालखीला खांदा देतात. पोलिसांच्या टिपणावरून, म्हणजे ज्याच्या खरेपणाची खात्री नाही अशा कागदावरून, ऐंशी वर्षांनी घरावर शिक्का मारणे मला पटत नाही. पण नावे झाकायची म्हणून कामही झाकायचे, हे बरोबर नाही. खबर कशी गोळा होई, कोणत्या नाक्यावर, किती पैशांत, कोणत्या भीतीने, आणि तिला चुकवून निरनिराळ्या गावांची माणसे गारगोटीच्या वाटेवर कशी एकत्र आली, हे नावे न घेता लिहिता येते. त्यासाठी कोल्हापूरचे पुरालेखागार, जहागिरींची दप्तरे आणि बेळगावकडचे कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतील. मोडी येणारी माणसे कमी होत चालली आहेत, म्हणून हे लवकर करावे लागेल.

मुरगूडला एसटीने गेलात तर हुतात्मा तुकाराम चौकात उतरावे लागते. मागच्या महिन्यात नातीला घेऊन गेलो होतो. तिने पाटी वाचली आणि विचारले, "हे हेर होते का?" मी म्हटले, नाही, पण यांना कचेरीपर्यंत पोचवणारे कोणीतरी होते. पुढचा प्रश्न तिने विचारायच्या आत आमची परतीची गाडी लागली.