घरातील कचेरी

कोकणात आपल्या पूर्वजांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घाणा केव्हा थांबणार, हे साऱ्या गावास ठाऊक असे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे इस्राएलात निर्बंध आले आणि आमच्या सूनबाईंची कचेरी जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. ती अद्यापि आठवड्यातील तीन दिवस तेथेच असते. सहकारी पुण्यात. तिकडचे घड्याळ उन्हाळ्यात अडीच तास पुढे, हिवाळ्यात साडेतीन. आपला रविवार कामाचा, त्यांचा सुटीचा. त्यांचा शुक्रवार मात्र पूर्ण दिवसाचा!

गेल्या डिसेंबरातील एका शुक्रवारी त्यांची व्हिडिओ बैठक सात वाजून गेले तरी संपेना. आमच्याकडे साडेतीन झाले होते आणि चारच्या सुमारास शब्बाथचे दिवे लावावयाचे होते. पांढरी चादर हाती घेऊन आम्ही दारात तिष्ठत उभे. बोलावे तर पुण्यास ऐकू जाणार. नातवाने खूण केली, तिने नुसते डोळे मिटले. त्या संध्याकाळी दिवे धावपळीत लागले. जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

याच पडद्यावर ठाण्याच्या आमच्या वहिनी दर मंगळवारी भेटतात, हेही कबूल केले पाहिजे. तेव्हा घड्याळ पाहण्याचे आम्हांस सुचत नाही.

रविवारी सूनबाईंनी पुण्यास पत्र धाडले: शुक्रवारची बैठक तुमच्या चार वाजता घ्यावी. सोमवारी उत्तर आले. सर्वांनी आनंदाने होकार दिला होता. लवकर सुटका त्यांनाही हवीच होती.