१८१८ : बेळगावच्या किल्ल्याचे एकवीस दिवस

१८१८ म्हटलं की कोरेगाव, अष्टी ही नावं आठवतात. आपल्या बेळगावचं नाव क्वचितच निघतं. पण आपल्या भागाचा नकाशा बदलायला सुरुवात याच वर्षी झाली.

थोडं मागं जाऊ. जून १८१७ च्या पुणे करारानं धारवाड इंग्रजांकडं गेलं होतं. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली नि युद्ध पेटलं. धारवाडला टॉमस मन्रो होता. त्याच्याजवळ फौज बेताची, म्हणून त्यानं गावोगावचे शिपाईप्यादे हाताशी धरले. गदग, हुबळी, बदामी असं एकेक ठाणं घेत तो २० मार्च १८१८ ला बेळगावच्या किल्ल्यापुढं आला.

तोवर साताऱ्याचा किल्ला पडला होता, अष्टीला बापू गोखले कामी आले होते, बाजीराव पळतीवर होता. म्हणजे कुमक येण्याची आशा नव्हती. तरी रुंद खंदक आणि भक्कम तटाच्या जोरावर शिबंदी एकवीस दिवस लढली. १० एप्रिलला किल्ला खाली झाला. बाजीराव शरण आला तो त्यानंतर, ३ जूनला.

निपाणीची गोष्ट निराळी. सरलष्कर सिद्धोजीराव निपाणकर, म्हणजे आपले आप्पा देसाई, पेशव्यांचे मातब्बर सरदार. पण त्यांनी वारं ओळखलं, इंग्रजांशी अखेरपर्यंत झुंज घेतली नाही. जहागीर राहिली, मात्र चिकोडी आणि मनोळी गेली. कोल्हापूरकरांनी १८१२ च्या करारात या तालुक्यांवरचा हक्क सोडला होता. युद्धात इंग्रजांची बाजू घेतल्याबद्दल ते त्यांना बक्षीस मिळाले. दहा-बारा वर्षांत इंग्रजांनी तेही परत घेतले. १८३९ मध्ये आप्पासाहेब वारले नि निपाणीही खालसा झाली.

बेळगाव लढून गेलं, निपाणी न लढता, एकवीस वर्षांनी. शेवट एकच. गावं कुणाच्या पदरात टाकायची हे दोन्हीकडं गावकऱ्यांना कुणी विचारलं नाही. १८३६ मध्ये बेळगाव जिल्हा धारवाडपासून वेगळा झाला, तेव्हाही नाही.

घरात जुने मोडी कागद असतील तर १८१८ च्या आधीचे नि नंतरचे शेजारी ठेवून बघा. शेत तेच, सरकार दुसरं. आणि किल्ल्यात कमल बस्ती बघायला गेलात तर परतताना खंदकापाशी घटकाभर थांबा.