लोणारच्या गाळातले दुष्काळ

दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षांचा होता, असे महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आला. तो इ. स. १३९६ च्या सुमारास सुरू झाला असे मानतात. त्याही मागचा पाऊस शोधायचा तर बखरी आणि ताम्रपट फारसे कामाला येत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा तळ मात्र येतो.

उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. झऱ्यांचे नि पावसाचे पाणी आत येते, पण बाहेर वाहून जायला ओढा नाही. ऊन ते पाणी उडवते आणि क्षार मागे राहतात. दर पावसाळ्यात काठावरची माती, पाचोळा, फुलांचे पराग तळाशी बसतात; पुढच्या वर्षीचा गाळ त्यांच्यावर चढतो.

भारतीय आणि जर्मन संशोधकांनी या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात जवळजवळ अकरा हजार वर्षे साठली होती. थरांचे वय कार्बन-१४ वरून ठरवले गेले आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

इतक्या जुन्या गाळात पराग टिकतो तो त्याच्या कवचामुळे. हे कवच विलक्षण चिवट. प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आम्लाने गाळातली वाळू विरघळवतात, तरी ते शाबूत राहते. त्यावरची छिद्रे, काटे, जाळी पाहून वनस्पतीचे कूळ ओळखायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका नमुन्यातले शेकडो कण मोजायचे. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली या मोजणीतून जुन्या जंगलांचा आलेख मांडून दाखवला.

पण परागांची मोजणी म्हणजे झाडांची शिरगणती नव्हे. गवताचा पराग वाऱ्यावर स्वार होऊन ढिगाने तळ्यात पडतो. सागाचा पराग कीटक वाहतात, म्हणून भोवती सागवान दाट असले तरी गाळात तो थोडाच सापडतो. यासाठी लोणारच्या विवरातल्या आजच्या जंगलाचे परागही तपासले गेले: समोर झाडे कोणती आणि जमिनीवर पडलेला पराग कोणाचा, याचा मेळ घालण्यासाठी. सगळ्या खटाटोपात मला हे काम सर्वांत मोलाचे वाटते. आज डोळ्यांसमोर असलेले रान ज्या हिशेबात बसत नाही, तो हिशेब पाच हजार वर्षांपूर्वीच्या रानाला कसा लावायचा?

पराग एकटा साक्ष देत नाही. स्तंभाच्या काही भागांत गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक मिळाले. तळे आटून पाणी फार खारट झाले की ते तयार होतात. अशा खुणा जुळवून दोन लांबलचक कोरडी पर्वे दिसली: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचे, दुसरे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे.

दुसरे पर्व तब्बल चौदाशे वर्षांचे. दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच्या शेपटाकडे येतो. पाऊस तेव्हा थांबला नव्हता, पण मोसमी वारे दीर्घकाळ दुबळे होते. गाळात हा कल दिसतो, अधलेमधले सुगीचे वर्ष दिसत नाही. याच पर्वात अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कोरली गेली, लोणार गावात दैत्यसूदनाचे देऊळ उभे राहिले. त्या कारागिरांची पोटे कोणत्या धान्यावर भरत होती? हे परागाला विचारावे तर तो अडतो, कारण ज्वारी-बाजरीचा कण आणि रानगवताचा कण भिंगाखाली जवळजवळ सारखाच दिसतो.