वॉरंटीतील इंजिन आणि लांबलेली प्रतीक्षा

बँकेच्या नोकरीत पदोपदी एक अनुभव येत असे. ज्या व्यवहाराची नोंद आहे त्याचा जाब विचारता येतो. ज्याची नोंद नाही त्याची फक्त आठवण करून देता येते. निवृत्तीनंतर हा अनुभव पुन्हा आला तो एका मोटारगाडीच्या निमित्ताने. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी अलीकडे नव्या गाड्या घेतल्या आहेत. बहुतेक गाड्या उत्तम चालतात. परंतु एखाद्याच्या वाट्याला असे येते, की वर्ष-दीड वर्षाच्या गाडीचे इंजिन निकामी होते. ‘वॉरंटीत आहे, नवीन इंजिन बसवून देऊ’ असे सांगितले जाते. आणि महिने लोटले तरी गाडी सर्व्हिस सेंटरच्या आवारात धूळ खात उभी राहते. अशा वेळी नेमके काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

विलंब कोठे होतो?

सर्व्हिस सेंटर डीलरचे असते, पण वॉरंटीचा खर्च कंपनी सोसते. त्यामुळे इंजिन बदलण्यासाठी कंपनीची मंजुरी लागते. त्यासाठी दोषाची छायाचित्रे, आजवरच्या सर्व्हिसच्या नोंदी आणि तंत्रज्ञाचा अहवाल पाठवावा लागतो. इंजिनाचा केवळ खालचा भाग, म्हणजे शॉर्ट ब्लॉक, बदलून भागेल की संपूर्ण इंजिन द्यावे लागेल, हे कंपनी ठरविते. त्यानंतर मागणी नोंदविली जाते. इंजिन आल्यावर ते बसविण्यास फार वेळ लागत नाही. खरा वेळ जातो तो मंजुरी आणि पुरवठा या दोन टप्प्यांत.

संपूर्ण इंजिन हा गोदामात थप्पी लावून ठेवण्याचा माल नव्हे. कारखान्यात तयार होणारी इंजिने प्रामुख्याने नव्या गाड्यांसाठी असतात. एकाच प्रकारचा दोष अनेक गाड्यांत निघाला, तर रांग लागते. अमेरिकेतील उदाहरणे बोलकी आहेत. इंजिनात धातूचे कण राहून गेल्याच्या कारणावरून टोयोटाने २०२४ मध्ये सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या आणि इंजिन बदलून देण्याचे ठरविले. जनरल मोटर्सने २०२५ मध्ये क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉडमधील दोषामुळे तेथील सुमारे सहा लाख गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. बड्या कंपन्यांनाही एवढी इंजिने एका दिवसात उभी करता येत नाहीत. म्हणून पुरवठ्यातील प्रत्येक विलंबामागे लबाडी असते, असे समजू नये. मात्र आपली गाडी कोणत्या टप्प्यावर अडली आहे, हे जाणून घेण्याचा आपला हक्क आहे.

संबंध आणि संकोच

बार्शीतील आमच्या परिचयाच्या एका भुसार व्यापाऱ्यांची गाडी अशीच सहा आठवडे उभी होती. वडिलांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सोलापूरला न्यावे लागे. दर खेपेस भाड्याच्या गाडीचे २,२०० रुपये, म्हणजे सहा आठवड्यांत २६,४०० रुपये खर्च झाले. बँकेचा सुमारे १८,७०० रुपयांचा हप्ता चालूच होता. पहाटे ठरलेली भाड्याची गाडी आयत्या वेळी आली नाही आणि वडिलांची ठरलेली वेळ चुकली, असेही एकदा घडले. ते माझ्याकडे आले तेव्हा मी पहिला प्रश्न केला, “लेखी काय आहे?” मोबाइलवर ‘होईल शेठ, दोन दिवसांत कळवतो’ असे नऊ निरोप होते. त्याखेरीज काही नव्हते.

“काका, डीलरच्या वडिलांचे आणि आमच्या आजोबांचे घरोब्याचे संबंध. त्यांना पत्र कसे लिहावे?” असे ते म्हणाले. हा संकोच मी समजू शकतो. शब्दावर व्यवहार करणे ही व्यापारी घराण्यांची पुण्याई आहे. पण त्याच घरांत रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. सख्ख्या भावाच्या नावेही खाते असते, आणि त्यात अविश्वास आहे असे कोणी मानत नाही. पत्राचेही तसेच आहे.

आम्ही अत्यंत सौजन्याचे पत्र लिहिले. चार दिवसांत उत्तर आले. कंपनीने आणखी छायाचित्रे मागविली होती, ती पाठवायची राहून गेली होती, आणि म्हणून इंजिनाची मागणीच नोंदविली गेली नव्हती! वर्कशॉप मॅनेजरने स्वतः फोन करून सांगितले, की तुमचे पत्र हाती असल्याने मला वरच्या कार्यालयाकडे जोर लावता आला. पुढे तीन आठवड्यांत गाडी घरी आली. घरोबा आजही तसाच आहे.

पत्रात काय असावे?

गाडी आत दिल्याची तारीख, जॉब कार्डचा क्रमांक आणि त्या वेळचे किलोमीटर प्रथम लिहावेत. मग चार गोष्टी लेखी मागाव्यात : दोषाचे निदान, कंपनीची मंजुरी मागितल्याची व मिळाल्याची तारीख, इंजिनाच्या मागणीचा क्रमांक व अपेक्षित तारीख, आणि तोपर्यंत पर्यायी गाडी किंवा प्रवासखर्च देणार काय, याचे उत्तर. पर्यायी गाडी देण्याचे बंधन वॉरंटी पुस्तिकेत असतेच असे नाही. परंतु मागितल्यावाचून मिळत नाही. पत्र डीलरला ई-मेलने पाठवून त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला द्यावी. दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यावे. फोनवर बोलणे झाले, तर त्याच दिवशी ‘आज आपण असे सांगितले’ एवढी एक ओळ ई-मेलने कळवावी. भाड्याच्या गाडीची प्रत्येक पावती जपावी.

हप्ता, विमा आणि बँक

गाडी बंद म्हणून हप्ता थांबवू नये. कर्जाचा करार बँकेशी आहे; इंजिनाच्या दोषाशी बँकेचा संबंध नाही. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि पतनोंद बिघडते. पुढे दुकानासाठी कर्ज मागताना तीच नोंद आड येते. विम्याचे नूतनीकरणही चुकवू नये. विमा संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस जातो.

कायद्याचा आधार

अमेरिकेतील अनेक राज्यांत वारंवार बिघडणाऱ्या किंवा दीर्घकाळ दुरुस्तीत अडकलेल्या नव्या गाडीसाठी स्वतंत्र कायदे आहेत. आपल्याकडे तसा खास कायदा नाही; मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पुरेसा सक्षम आहे. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, आणि वकील देणे सक्तीचे नाही. डीलर व उत्पादक कंपनी या दोघांनाही पक्षकार करावे, म्हणजे जबाबदारी एकमेकांवर ढकलता येत नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे; तोंडी आश्वासनांच्या भरवशावर ती जाऊ देऊ नये. याच कायद्यात मध्यस्थीची तरतूद आहे. संबंध टिकवून तोडगा काढू इच्छिणाऱ्यांना ती सोयीची आहे.

आपल्या घरांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा. अनेकदा गाडी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावे घेतलेली असते. ‘व्यावसायिक हेतू’साठी केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही, अशी हरकत समोरचा पक्ष घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात खरेदीचा प्रमुख हेतू पाहावा, अशी कसोटी सांगितली आहे. म्हणजे केवळ खरेदीदार पेढी आहे म्हणून दार बंद होत नाही. पण गाडी मुख्यत्वे कुटुंबाच्या वापरात आहे, हे दाखविता आले पाहिजे. नवी गाडी कोणाच्या नावे घ्यावी, याचा निर्णय करताना केवळ घसाऱ्याचा लाभ पाहू नये, हे यावरून ध्यानात यावे.

गाडी परत आल्यावर

नवीन इंजिनासोबत काम संपत नाही. इंजिनाचा क्रमांक आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्यानुसार इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत आरटीओला द्यावी लागते. त्यासाठी डीलरकडून जुना व नवा क्रमांक नमूद केलेले पत्र घ्यावे. कर्ज असल्यास बँकेला आणि विमा कंपनीलाही तोच क्रमांक कळवावा. अन्यथा उद्या दावा करताना किंवा गाडी विकताना अडचण येते. बदललेल्या भागांना सहसा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू राहतो. म्हणून गाडी जितके दिवस उभी होती तितकी वॉरंटी वाढवून मिळावी, अशी लेखी विनंती ताबा घेण्यापूर्वीच करावी. ताबापत्रावर ‘पूर्ण समाधान’ असे छापलेले असेल, तर आपल्या मागण्या शिल्लक असल्याचा शेरा लिहून मगच सही करावी.

ज्यांची गाडी आज सर्व्हिस सेंटरमध्ये उभी आहे, त्यांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी जॉब कार्ड शोधून काढावे आणि पहिले पत्र आजच लिहावे. ज्यांची गाडी सुरळीत चालते आहे, त्यांनी सर्व्हिसची बिले एका फाइलमध्ये क्रमाने लावावीत. मंजुरीसाठी कंपनी प्रथम मागते ती हीच कागदपत्रे, आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास पुढे कित्येक आठवडे वाचवू शकतो.