विश्लेषण : भिंतीवर न चढणारी पाल घरी आली, पुढे काय?

लेपर्ड गेको सांभाळायला सोपा, असे सांगितले जाते. पण नव्या घरात आल्यावर तो दडून बसतो, अन्नाला तोंड लावत नाही आणि घरचे घाबरतात. त्याचे हे वागणे कसे समजून घ्यायचे?

पाल अंगावर पडली की पंचांगातले पल्लीपतनाचे कोष्टक उघडणारी घरे आपल्याकडे अजून आहेत. अशा घरात नातवाने पिवळी, काळ्या ठिपक्यांची पाल काचेच्या पेटीतून आणली तर आजीचा पहिला प्रश्न ‘विषारी आहे का?’ हाच असणार. समजा, शिक्षण संपवून पुणे सोडणाऱ्या मित्राकडून बिबवेवाडीतल्या एखाद्या सदनिकेत असा लेपर्ड गेको आला. तीन दिवस तो दगडाआडून बाहेर आलेला नाही. आजारी आहे का? बहुतेक वेळा नाही.

ही पाल वेगळी कशी?

आजीच्या प्रश्नाचे उत्तर आधी : ती विषारी नाही. घरातल्या पालीसारखी चिकट बोटे तिला नाहीत, त्यामुळे काचेवर किंवा भिंतीवर चढता येत नाही. घरच्या पालीला पापण्या नसतात. हिला असतात, आणि ती डोळे मिटून झोपते. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला खडकाळ, कोरडा मुलूख हे तिचे मूळ घर. दिवसा कपारीत, संधिप्रकाशात बाहेर. म्हणजे भरदुपारी पेटीत डोकावून ‘दिसतच नाही’ म्हणणे ही तक्रार प्राण्याची नव्हे, वेळेची आहे.

तिची भावंडे महाराष्ट्रातही आहेत. पश्चिम भागात ‘युब्लेफॅरिस फुस्कस’ आढळते, तर सातपुड्यातील ‘युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस’ ही प्रजाती २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणली.

पहिले आठवडे काय करायचे?

थोडक्यात, फार काही करायचे नाही. पेटी, वास, आवाज, सगळेच बदललेले असते. पहिला आठवडा-दोन आठवडे हातात घेणे टाळावे. पाणी बदलावे, संध्याकाळी अन्न ठेवावे आणि बाजूला व्हावे. पाहुण्यांना दाखवण्याची घाई तर नकोच. प्रौढ गेको चरबी शेपटीत साठवतो. जाड शेपटीचा निरोगी प्राणी काही दिवस उपाशी राहिला तर लगेच बिघडत नाही. पिल्लाचे तसे नसते, त्याला रोज खाणे लागते. शेपूट बारीक होत चालली, डोळे खोल गेले, खाल्लेले उलटून पडले किंवा पाय वाकडे दिसू लागले, तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्यावे.

जवळीक त्याच्या बाजूने होऊ द्यावी लागते. संध्याकाळी हात पेटीच्या तळाशी स्थिर ठेवला की काही दिवसांनी तो जीभ लावून बोटे चाटतो. ही माया नव्हे, चौकशी आहे. जिभेने तो वास टिपतो. वरून झडप घालून उचलले तर त्याच्या लेखी तो शिकारी पक्षीच. शेपूट सावकाश डावी-उजवीकडे हलली तर तो सावध झाला आहे, हात मागे घ्यावा. टोकच थरथरले तर बहुधा समोर किडा दिसला आहे. शेपूट धरून कधीच उचलू नये. ती तुटते. नवी येते, पण आखूड, गुळगुळीत, आणि पहिलीसारखी कधीच नाही.

खाणे म्हणजे जिवंत किडे : रातकिडे, मीलवर्म अळ्या. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांवर कॅल्शियमची भुकटी आणि जीवनसत्त्व ड-३ लागते, नाहीतर हाडे मऊ होतात. आणि स्वयंपाकघरातले झुरळ फुकट मिळते म्हणून देऊ नये. पेस्ट कंट्रोलचे औषध त्याच्या पोटात गेलेले असू शकते. फवारणीच्या दिवशी पेटीही दुसरीकडे हलवावी.

कात टाकताना तो फिकट पडतो, मग सुटलेली कात खाऊन टाकतो. बघणारा दचकतो, पण यात विचित्र काही नाही. बोटांवर अडकलेल्या कातीकडे मात्र लक्ष हवे. ती आवळून बोट गळू शकते. त्यासाठी पेटीत एक ओलसर आडोसा ठेवतात.

पुण्याची हवा मानवते का?

अन्न पचायला उष्णता लागते. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २४ ते २६ अंश, म्हणजे कुठे बसायचे ते तोच ठरवतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीट मॅट लागते. तीही थर्मोस्टॅटशिवाय नको, पोट भाजते. मे महिन्यात धोका उलटा : खिडकीतल्या उन्हात काचेची पेटी भट्टी होते. पावसाळ्यात दमट हवा कोंडू नये, म्हणून वरची जाळी उघडी हवी.

कायदा काय सांगतो?

आणणाऱ्याने विचारायचा खरा पहिला प्रश्न ‘खातो काय’ हा नाही. ‘आला कुठून’ हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीतील प्राणी रानातून पकडणे वा विकणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने ‘साइट्स’ करारातील परदेशी प्रजातींसाठी स्वतंत्र अनुसूची आणली आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावर बंधनकारक केली. देशी आणि परदेशी गेकोंमधला फरक सामान्य माणसाला ओळखता येत नाही. ‘मित्राने दिला’ हे उत्तर त्यामुळे अपुरे पडते. मूळ खरेदीची पावती मागावी आणि प्रजातीबाबत शंका असेल तर वन विभागाला आधीच विचारावे.

सांभाळणे जमले नाही तर?

हा प्राणी १५ ते २० वर्षे जगू शकतो. आज दहावीत असलेला मुलगा तोवर नोकरीनिमित्त कुठे असेल, हे घरात आधीच बोललेले बरे. प्राणी हाताळल्यावर साल्मोनेलापासून बचावासाठी साबणाने हात धुण्याचे कामही तितकी वर्षे करायचे आहे. नकोसा झाला म्हणून तळजाईच्या टेकडीवर सोडून देणे हा पर्याय नाही. पेटीत वाढलेला जीव तिथे टिकणे कठीण, आणि टिकलाच तर स्थानिक पालींना रोग देऊ शकतो. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो.