वाट देणे आणि गाडी घालणे : गंजगोलाईच्या निमित्ताने

रहदारीच्या बेशिस्तीविषयी बोलताना आपण सहसा नीतीची भाषा वापरतो आणि ‘लोकांना शिस्तच नाही’ असे म्हणून प्रश्न निकालात काढतो. भाषेच्या अभ्यासकाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. अमुक प्रदेशातील लोक अशुद्ध बोलतात, या विधानापाशी तो थांबत नाही. त्या बोलण्यात कोणते नियम वावरत आहेत, याचा तो शोध घेतो. चौकातील रहदारीविषयी असाच शोध घेता येईल काय, हे लातूरच्या गंजगोलाईच्या उदाहरणाने पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार गोलाईची दुमजली मुख्य इमारत १९१७ साली उभी राहिली. त्या काळी लातूर हैदराबाद संस्थानात होते. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, सभोवती वर्तुळाकार बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते, अशी ही रचना आहे. ज्या काळी ही आखणी झाली, त्या काळी मोटारींचे राज्य सुरू व्हावयाचे होते. आज दुचाकी, ऑटोरिक्षा, हातगाडे आणि पायी चालणारे ग्राहक या सर्वांना तीच गोलाई सामावून घ्यावी लागते.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे गोल चौकात ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजेच देवळाच्या प्रदक्षिणेप्रमाणे, मध्य उजव्या हाताला ठेवून फिरतात. बाहेरून आत शिरू पाहणाऱ्यास आतील वाहन नेहमी उजवीकडून येताना दिसते. अशा चौकाचे सारे व्याकरण एका सूत्रात मावते : उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. १९८९ च्या मार्गनियमांत, नियंत्रण नसलेल्या चौकासाठी, मुख्य रस्त्याचा अपवाद वगळता, हाच दंडक होता. त्यांची जागा घेणाऱ्या २०१७ च्या नियमांतही गोल चौकात आधीपासून फिरणाऱ्या वाहनालाच अग्रक्रम आहे.

हे सूत्र मोडले की काय होते, ते पाहण्याजोगे आहे. शिरणाऱ्याने आपले वाहन पुढे दामटले की आतील वाहन थांबते. ते थांबले की त्याच्या मागील वाहनांना आपापल्या रस्त्याने बाहेर पडता येत नाही. आणि बाहेर कोणी पडत नाही म्हणून आत जागा होत नाही. म्हणजे जो घाईने शिरला, तोच स्वतःच्या सुटकेची वाट बंद करतो. जेथे एका वर्तुळाला १६ मुखे आहेत, तेथे हा प्रसंग पावलोपावली उद्भवतो. ही अडचण केवळ आपलीच आहे असे नव्हे. ब्रिटनमध्येही गोल चौक असेच कोंडत असत; १९६६ साली आतील वाहनास अग्रक्रम देण्याचा नियम तेथे सर्वत्र लागू झाला, आणि मगच वर्तुळाकार चौकाचा खरा उपयोग होऊ लागला.

तथापि व्यवहारात चालणारा नियम निराळा आहे. तो कोठेही लिहिलेला नसला तरी आपल्या शब्दांत तो स्पष्ट उमटलेला आहे. आपण वाट ‘देतो’, साइड ‘देतो’. परंतु गाडी ‘घालतो’, कट ‘मारतो’, हॉर्न ‘मारतो’. कायद्याचे व्याकरण ‘देणे’ या क्रियापदावर उभे आहे, तर चौकाची बोली ‘घालणे’ आणि ‘मारणे’ यांवर. ‘ज्याचे चाक पुढे, त्याची वाट’ हा या बोलीचा मुख्य नियम. तो सर्वांना अवगत असतो, म्हणूनच त्या गोंधळातही बहुतेक वेळा निभावून जाते. बेशिस्त म्हणून जे दिसते, ते वस्तुतः दोन नियमव्यवस्थांचे एकाच जागी चाललेले भांडण होय.

सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून चिन्हाची यादृच्छिकता आपल्या परिचयाची आहे. वाहन डावीकडून चालवावे की उजवीकडून, यात निसर्गाची आज्ञा काहीच नाही. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी डावी बाजू सोडून उजवी स्वीकारली. संकेत कोणता, याहून तो सर्वांचा एकच असणे महत्त्वाचे. आपल्या रस्त्यांवर नेमकी येथेच गफलत होते. मालमोटारीचा उजवा दिशादर्शक दिवा लागला, तर त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळत आहे’ असा होतो, आणि ‘तू उजवीकडून पुढे जा’ असाही. समोरून दिलेला डिपर आपल्याकडे बहुधा ‘थांब, मी येतो आहे’ असे सांगतो. ब्रिटनमध्ये तोच पुष्कळदा ‘आधी तुम्ही जा’ असे सुचवतो.

बोलण्यात अशी अनेकार्थता खपून जाते, कारण ऐकणाऱ्याला ‘काय म्हणालात?’ असे विचारण्याची सोय असते. रस्त्यावर फेरविचारणेस अवसर नसतो. बोलीभाषेला प्रमाणभाषेच्या बरोबरीचा मान देणाऱ्या अभ्यासकाला रस्त्याच्या बोलीविषयी तीच उदारता दाखवता येत नाही, ती यामुळेच. शिवाय या बोलीत सर्व बोलणारे समान नसतात. ज्याचे वाहन मोठे, त्याचे म्हणणे ऐकले जाते. डोक्यावर गाठोडे घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला त्या संवादात शब्दच नसतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यास पंजाबातून येणारा यात्रेकरूही येथील अलिखित नियमांना परकाच असतो. लिखित नियमाचे मोल अशांसाठीच आहे : तो दुर्बळाला आणि परक्याला सारखाच वाचता येतो.

यावरून उपायाची दिशा दिसते. दंडाने भय उत्पन्न होते, पण अर्थ शिकवला जात नाही. वाट देण्याची रेषा प्रत्येक मुखाशी ठळक आखली जावी, उलट्या त्रिकोणाचे चिन्ह तेथे दिसावे, आणि ‘उजवीकडच्याला आधी’ हे सूत्र शाळेतच मुलांच्या तोंडी बसावे. ‘लातूर पॅटर्न’मुळे दूरदूरच्या विद्यार्थ्यांचे आकर्षण ठरलेल्या शहराला एक सूत्र शिकवणे अवघड नाही. नियम पाठ असणे आणि तो अंगवळणी पडणे यांतील अंतर मात्र, कोणत्याही भाषेप्रमाणे, रोजच्या वापरानेच तुटते.