लोणी वर, जीवनसत्त्व खाली

घुसळण कधी थांबवायची ते आवाजावरून कळतं. सुरुवातीला रवीखालून जड, भरलेला आवाज येतो. लोणी सुटायला लागलं की तोच आवाज पातळ होतो आणि ताक डेऱ्याच्या अंगावर छपछपू लागतं. वरंध गावातल्या ज्या घरात मी हे बघत बसलो होतो, तिथल्या आजींनी नेमक्या त्या क्षणी दोर सैल सोडला, तांब्याभर गार पाणी ओतलं आणि पुन्हा चार हिसके दिले. लोण्याचे तरंगणारे कण एकमेकांना धरू लागले. थंडीत हेच पाणी कोमट घालावं लागतं, नाहीतर लोणी यायला सकाळ जाते. हात ओला करून त्यांनी कडेकडेने गोळा वळत आणला, दोनदा धुतला आणि तूप कढवायच्या पातेल्यात टाकला.

इथून पुढे सगळ्यांचं लक्ष त्या पातेल्याकडे. मला बघायचं होतं ते मागे डेऱ्यात उरलेलं.

ते अजून निवळायचं होतं, पण कालचं ताक मडक्यात झाकून ठेवलेलं होतं. खाली पांढरा थर बसलेला, वर दोन बोटं निवळ. ती निवळ काचेच्या पेल्यात अलगद काढून दारात उजेडाला धरली. रंग पिवळसर, त्यात हिरवट झाक. घरात म्हशीचं दूध, लोणी पांढरंशुभ्र. गाईच्या लोण्याला पिवळेपणा येतो तो कॅरोटिनचा, आणि ते स्निग्धात राहतं. पाण्यातला हा पिवळा वेगळा. हे रायबोफ्लेविन, म्हणजे ब2 जीवनसत्त्व. दुधात ते असतंच, पण दुधाच्या पांढरेपणात दिसत नाही. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी सोबत नेली होती. माजघरातल्या अंधारात पेल्यावर मारली तर निवळ हिरवट-पिवळी उजळली. आजींनी एकदा पेल्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "शेतात फवारायचं काय घातलंस त्यात?" म्हणाल्या. काहीच घातलं नाही म्हटल्यावरही तो पेला त्यांनी नातवाच्या हाती लागू दिला नाही.

दुधाच्या निवळीतलं हे पिवळं द्रव्य अलेक्झांडर विंटर ब्लाइथ या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1879 सालीच टिपून ठेवलं होतं. ते शरीराला लागतं हे कळायला पुढचं अर्धं शतक वाट पाहावी लागली. 1933 मध्ये जर्मनीत रिचर्ड कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. जेमतेम 1 ग्रॅम मिळवायला साय काढलेलं 5 हजारांहून जास्त लिटर दूध लागलं. साय काढलेलं चाललं, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, सायीत जात नाही. म्हणून साजूक तुपात ते औषधालाही सापडत नाही. ज्याला आपण दुधाचं सार म्हणून मान देतो ते वर येतं आणि हे खाली ताकात राहतं.

ताक म्हणजे अमृत वगैरे म्हणायची आपल्याकडे हौस आहे, म्हणून हिशेबही सांगतो. 100 ग्रॅम दुधात हे जीवनसत्त्व साधारण 0.17 ते 0.18 मिलिग्रॅम. ताकात पाणी जितकं जास्त तितकं ते विरळ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींत बैठ्या कामाच्या पुरुषाला दिवसाला 2 मिलिग्रॅम, तर अंगमेहनतीच्या पुरुषाला 3.2 आणि बाईला 3.1 मिलिग्रॅम धरलं आहे. अन्नातून ताकद मोकळी करण्याच्या कामाला हे जीवनसत्त्व लागतं, म्हणून राबणाऱ्याची गरज मोठी. पावसात दिवसभर वाकून भातलावणी करणाऱ्या बाईला शहरातल्या खुर्चीवरच्या माणसापेक्षा दीडपट हवं. नुसत्या ताकावर ते भागत नाही.

पण इथे ताक एकटं पोटात जात नाही. वरंधच्या घाटाच्या उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी होते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात 100 ग्रॅमला 0.05 मिलिग्रॅमच्या आसपास रायबोफ्लेविन, नाचणीत 0.17, म्हणजे तिप्पट. नाचणीचं पीठ ताकात कालवून शिजवलेली आंबील, पावसाळ्यात टाकळा-कुर्डूची भाजी, कधी अंडं, सणावाराला मटण आणि त्यातली कलेजी. कलेजीच्या जवळपास यातलं काहीच येत नाही. तीच या जीवनसत्त्वाची खरी खाण. रोजच्या ताटात मात्र आंबील.

हे कमी पडलं की आधी तोंडावर दिसतं. ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लालभडक होते, तिखट लागू देत नाही. लोक म्हणतात, तोंड आलंय, उष्णता झाली. कोपरे लोह कमी पडल्यानेही फाटतात, त्यामुळे नुसतं बघून सांगता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेहताब बामजी यांनी यासाठी रक्ताची परीक्षा लावून दाखवली. त्यांचा निबंध 1969 चा. तांबड्या पेशींतल्या एका विकराला परीक्षानळीत या जीवनसत्त्वाचं तयार रूप द्यायचं. त्याचं काम एकदम वाढलं, तर माणूस उपाशी आहे असं समजायचं, मग पोट भरलेलं का असेना.

ताक, दूध उन्हात ठेवायचं नाही, हे आजींच्या घरी सांगावं लागत नाही. त्यांचं कारण आंबण्याचं. पण रायबोफ्लेविनचा खरा वैरी उजेडच: पारदर्शक बाटलीतलं दूध दोनेक तास उन्हात राहिलं तर निम्म्यापर्यंत निघून जातं, दुधाला एक चमत्कारिक वासही येतो. तापवल्याने फारसं बिघडत नाही. कढी उकळली तरी चालते. सोडा टाकून शिजवलं की मात्र संपलं. पाण्यात विरघळणारं असल्याने चक्का टांगल्यावर गळणारं पाणीही ते घेऊन जातं. श्रीखंडाच्या घरात ते पाणी मोरीत ओततात. कढीत ओतावं.

डेअरीत दूध घालायला गेलं की पावतीवर फॅट येते, दर बराचसा त्यावर ठरतो. ब2 ला त्या पावतीवर रकाना नाही. पूर्वी दूध विकायला बाहेर पडतच नसे, तूप पडे. ताक घरात राही आणि शेजारी फुकट वाटलं जाई. ताकाला जाऊन भांडं लपवायची म्हण आपल्याकडे आहेच. आता कॅनमधून सगळं जातं, लोणीही आणि ताकही, आणि परत येतो तो चहात घालायला राखलेला पावशेर. पैसे रोख मिळतात, पोरांच्या फीला लागतात. त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही.

या घरात तिन्ही म्हशींचं दूध घालायचा विषय निघाला होता, तेव्हा आजींनी एकीचं अडवून धरलं. सून अजून कुरकुरते. तिचं म्हणणं चूक नाही; महिन्याची रक्कम ती मोजते. आजींचा मुद्दा एवढाच की नाचणी पाण्यात शिजवली तर घरातलं कोणी खात नाही.